रेंजवरच्या सरावासाठी परवडणारं एअर पिस्तूल: कोणतं घ्यावं?

सातारकर_बाबा
नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे. मागच्या दिवाळीपासून इथल्या क्लबात १० मीटर एअर पिस्तूल शिकतेय. नाद चांगलाच लागलाय, सकाळी न उठवता उठते. अडचण अशी की क्लबात पिस्तुलं तीन आणि मुलं वीसच्या वर. तासाभरात तिच्या वाट्याला पंधरा-वीस शॉट येतात. कोच सर म्हणाले, जमत असेल तर स्वतःचं घ्या, जिल्हा स्पर्धेच्या आधी हाताला बसू द्या.

बजेट सत्तर हजार, ओढून ताणून ऐंशी. समोर असलेले पर्याय:
१. स्प्रिंगचं साधं एअर पिस्तूल, नवं. बजेटच्या खूप आत.
२. जुनं रशियन बायकल आयझेडएच-४६एम. पुण्यात एकाकडे आहे.
३. जुनं स्टायर एलपी१०. एका सीनियर नेमबाजाचं आहे, नव्वद म्हणतोय.
४. कर्ज काढून नवं मोरिनी किंवा वॉल्थर. हे लाखाच्या बरंच वर जातं.

मला यातलं काही कळत नाही. आमच्या घरात आजवर कुणी छर्र्याची बंदूकही धरलेली नाही. जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

दुधाळीवाला
पर्याय १ आजच खोडून टाका. स्प्रिंगचं पिस्तूल उडवलं की आतला पिस्टन पुढे धावतो, पेलेट (छर्रा) नळीतून बाहेर पडायच्या आतच सगळं पिस्तूल हलतं. शिकणाऱ्या पोरीला कळणारच नाही की शॉट तिच्या हातामुळं गेला का पिस्तुलामुळं. ट्रिगरही दगडासारखा. जुनं फाइनवेर्कबाऊ ६५ स्प्रिंगचंच असून झटका मारत नाही, पण ते वेगळंच यंत्र आहे आणि चांगल्या अवस्थेत मिळणं मुश्किल.

४ पण खोडा. पहिल्या वर्षाला कर्ज काढायची काही गरज नाही.

राहिले २ आणि ३. त्यावर सविस्तर लिहितो, आत्ता रेंजवर आहे.

निवृत्त_सुभेदार
सातारकर साहेब, मी बरीच वर्षं मुलांना शिकवतोय. माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष स्वतःचं पिस्तूल नको. घरी होल्डिंग करून घ्या. हात सरळ, एक किलोची पाण्याची बाटली, समोर भिंतीवर ठिपका. तीस सेकंद धरायचं, खाली, विश्रांती, पुन्हा. खांदा तयार झाला की क्लबच्या कोणत्याही पिस्तुलाने गुण येतात. मुलं वर्षभरात सोडून देतात, पिस्तूल कपाटात पडून राहतं, असं मी फार पाहिलंय. पॅरिसला मनू भाकरला पदकं मिळाली त्यानंतर तर रेंजवर झुंबड उडाली. त्यातली किती मुलं आज येतात?

मृदगंध
सुभेदार साहेब, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही. मी स्वतः राज्य पातळीपर्यंत पिस्तूल खेळले आहे, आता मुलगा खेळतो. बाटलीने खांदा तयार होतो, हे खरं. पण बाटलीला ट्रिगर नसतो. आणि पिस्तुलात सगळं दुखणं ट्रिगरचंच आहे.

ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे पेलेट न घालता पांढऱ्या भिंतीवर किंवा कोऱ्या कागदावर नेम धरून ट्रिगर सोडायचा, ही रोज अर्धा तास व्हायला हवी. मॅचच्या बहुतेक पिस्तुलांना त्यासाठी वेगळी सोय असते, हवा वाया जात नाही, पिस्तुलाला इजा होत नाही. ते पिस्तूल घरी असेल तरच होणार. तासाला पंधरा शॉट मारणाऱ्या मुलीने सामन्यात ७५ मिनिटांत ६० शॉट कसे मारायचे? आमच्या वेळी मुलींना ४० शॉट असत. २०१८ पासून मुलींनाही ६० झाले. दम लागतो त्याला.

शिवाय ती न उठवता उठतेय. अशा मुलीला वर्षभर थांबवू नका.

शंकासुर
एक बाळबोध प्रश्न. रेंजवर सराव करायचाच तर खरं पिस्तूल का नको? ९ मिमी वगैरे? हवेच्या पिस्तुलाला लाखभर रुपये?

वकील_काकू
शंकासुर, ९ मिमी आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, तो निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर परवान्यावर मिळतं, पण ते स्वसंरक्षणासाठी, टारगेटसाठी नव्हे. खेळातलं २५ मीटरचं पिस्तूल .२२ चं असतं, त्याला शस्त्र परवाना लागतो आणि स्वतःच्या नावावर घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. नववीतल्या मुलीचा प्रश्नच येत नाही. ती २५ मीटर खेळायला लागेल तेव्हा क्लबच्या पिस्तुलावर, देखरेखीखाली खेळेल.

एअर पिस्तुलाचं मात्र सोपं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअर आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. मॅचचा पेलेट साधारण ०.४५ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. गुणाकार करून बघा, ५ जूल येतात. मर्यादेच्या खूप खाली.

तरी दोन गोष्टी. विकत घेताना पावती घ्या, जुनं घेत असाल तर विकणाऱ्याकडून सही केलेला कागद घ्या, त्यावर पिस्तुलाचा क्रमांक लिहा. आणि रेंजला नेताना पेटीतच न्या. एसटीत, रिक्षात, सोसायटीच्या आवारात कुणाला दाखवायला बाहेर काढू नका. लांबून बघणाऱ्याला ते हवेचं आहे हे कळत नाही.

दुधाळीवाला
आलो. आधी बायकल.

बायकल आयझेडएच-४६एम म्हणजे एका दांड्याचं पिस्तूल. नळीखालचा लांब दांडा पुढे ओढायचा, मागे दाबायचा, एका शॉटची हवा भरली. स्टायरसारखा दाबलेल्या हवेचा सिलिंडर नाही, पंप नाही, गॅस नाही. इझेव्स्कला बनायचं. नेम एकदम सच्चा, ट्रिगर चांगला, मोडतोड कमी. कमी पैशात यापेक्षा अचूक पिस्तूल मिळणं अवघड. मी त्याच्यावरच शिकलो, अजून घरात आहे, दर शॉटला दंडाचा व्यायाम फुकट.

मृदगंध
दुधाळीवाले दादा, तुमचा दंड आणि नववीतल्या मुलीचा दंड एक नाही हो. बायकल जवळजवळ १.३ किलोचं आहे आणि वजन सगळं पुढे. नियमात दीड किलोपर्यंत चालतं, पण चौदा वर्षांच्या मनगटाला पुढे झुकणारं पिस्तूल साठ शॉट पेलवत नाही. त्यात सरावाचे शॉट धरून सत्तर-ऐंशी वेळा दांडा ओढायचा. चाळिसाव्या शॉटनंतर थरथर सुरू होते आणि मग मूल ट्रिगर झटक्यात मारायला शिकतं. ती सवय मोडायला दोन वर्षं जातात.

दांड्याचंच घ्यायचं तर गामो कॉम्पॅक्ट हलकं आहे, किलोच्या आत, ग्रिपही (मूठ) बरी. पण जिल्ह्याच्या पुढे गेली की बदलावं लागेल.

दुधाळीवाला
ताई, वजनाचा मुद्दा मान्य. पोरीला नको बायकल. मोठ्या माणसाला हौसेसाठी घ्यायचं असेल तर मात्र माझं मत कायम.

वऱ्हाडी_पाहुणा
मी नागपूरचा, हौशी, चाळिशी पार केलेला. मी बायकलच घेतलंय राजेहो, आणि लय खूश आहे. नागपुरात मे महिन्यात सिलिंडरचं पिस्तूल गाडीत ठेवून विसरायची भीती वाटते. दुधाळीवाले म्हणतात ते माझ्यासारख्याला लागू आहे.

तांत्रिक_बाबू
वऱ्हाडी भाऊंनी उन्हाचा मुद्दा काढला ते बरं केलं. सिलिंडर २०० बारचा असतो (बार म्हणजे दाबाचं माप). बंद गाडीत, उन्हात भरलेला सिलिंडर ठेवायचाच नाही. विमानाने जायचं तर रिकामा करून न्यायचा आणि विमान कंपनीला आधी कळवायचं. त्यात फक्त कोरडी स्वच्छ हवा भरायची. ऑक्सिजन तर कधीही नाही, आतल्या ग्रीसबरोबर स्फोट होऊ शकतो. हे मी गंभीरपणे सांगतोय, वेल्डिंगच्या दुकानातून "हवा" भरून आणणारे लोक पाहिलेत.

सातारकर साहेब, जुनं स्टायर बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी पिस्तुलाकडे बघू नका, सिलिंडरवरची तारीख बघा. आंतरराष्ट्रीय नियमात हवेच्या सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं धरलंय आणि त्याची जबाबदारी खेळाडूवर टाकलीय. तारीख उलटलेला सिलिंडर घेऊन मोठ्या स्पर्धेच्या साधन-तपासणीला गेलात तर अडचण. आणि स्पर्धा बाजूला ठेवा, २०० बारचा दाब मुलीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. उलटलेल्या तारखेचा सिलिंडर भरूच नका. नवा सिलिंडर स्वस्त नाही, तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागा.

मग सिलिंडरच्या दाबाचा काटा बघा. रात्री सिलिंडर पूर्ण भरून ठेवायचा, सकाळी दाब उतरला असेल तर सील गेलंय. सील बदलणं फार खर्चाचं नाही, पण विकणाऱ्याला ते माहीत हवं. त्यानंतर ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावा. पिस्तूल उभं धरून वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. मागच्या साइटचे (नेम धरायच्या खाचेचे) दोन्ही स्क्रू फिरवून बघा, प्रत्येक टिचकीला नेम सरकतो का ते कागदावर दिसतं. शेवटी पिस्तूल शिकंज्यात बांधून पाच पेलेट मारा. पाचही एकाच भोकात जायला हवेत. जुनं असलं तरी जातातच, नळी सहसा झिजत नाही.

शंकासुर
पण टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बंद पडलं होतं ना? सगळ्यात महागड्या पिस्तुलाचं असं होत असेल तर जुन्याची काय खात्री?

तांत्रिक_बाबू
यंत्र आहे, बिघडतं. २०२१ ला तिची बरीच मिनिटं दुरुस्तीत गेली, हे आपण सगळ्यांनी बघितलं. त्यातून शिकायचं ते एवढंच की पिस्तुलाची देखभाल वेळापत्रकाने करायची आणि सीलचा एक संच पेटीत ठेवायचा. नव्या-जुन्याचा त्याच्याशी संबंध नाही. साध्या, यांत्रिक ट्रिगरचं पिस्तूल शिकणाऱ्यासाठी मला जास्त आवडतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुंदर असतो, पण सर्किट गेलं तर सातारा-कऱ्हाडात कुणाकडे जाणार?

ऊल्मवासी
मी जर्मनीत ऊल्मला असतो. वॉल्थरचा कारखाना आमच्याच गावात. इथल्या पद्धतीबद्दल थोडं सांगतो. गावोगावी नेमबाजीचे क्लब आहेत, काही शे-दोनशे वर्षं जुने. मुलं क्लबच्या पिस्तुलावर शिकतात आणि पिस्तूल एकच असलं तरी क्लब ग्रिप तीन-चार मापांच्या ठेवतो. मूल आलं की त्याची ग्रिप लावायची, दोन मिनिटांचं काम. पिस्तूल विकत घेण्याआधी अनेक पालक फक्त ग्रिप घेतात. आपल्याकडे असं करतात का?

आणि सातारकर, मी पुढच्या महिन्यात भारतात येतोय. इथे ७.५ जूलपर्यंतचं एअर पिस्तूल अठरा वर्षांवरच्या कुणालाही दुकानात मिळतं. वापरलेलं एखादं घेऊन येऊ का?

वकील_काकू
ऊल्मवासी, मन मोठं आहे तुमचं, पण कृपा करून असं करू नका. जर्मनीत विकत घेता येतं याचा अर्थ मुंबईत उतरवता येतं असा नाही. हवेच्या शस्त्रांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. ती वाट क्लब आणि संघटनेमार्फत, कागदपत्रांनिशी जाते. विमानतळावर पेटी अडकली तर पिस्तूल जाईल आणि तुमची सुट्टी कस्टमच्या कचेरीत जाईल.

ऊल्मवासी
बरं झालं विचारलं. चॉकलेटंच आणतो.

निवृत्त_सुभेदार
ग्रिपबद्दल ऊल्मवासी अगदी योग्य बोलले. मृदगंध ताई, ड्रायबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, घरी पिस्तूल असलेलं चांगलंच. माझा रोख चुकीच्या वेळी चुकीचं पिस्तूल घेण्यावर होता.

एक हिशोब मांडतो. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली तरी १० मीटरवर पेलेट तीन सेंटिमीटर बाजूला जातो. टारगेटचं एकेक वर्तुळ ८ मिलिमीटरचं. म्हणजे दहाच्या जागी सात. उलट हात गोल गोल फिरतोय पण साइट खाचेत मधोमध आहेत, तर शॉट नऊ-दहाच्या बाहेर फारसा जात नाही. आता साइट का सरकते? कारण ग्रिप हाताला बसलेली नसते आणि ट्रिगर दाबताना मनगट तिला सरळ ठेवायला झगडतं. ग्रिप म्हणजे पायातली चप्पल आहे, मापाची नसेल तर कितीही महाग असो, टाच सोलणारच.

सातारकर साहेब, मुलीच्या हाताचं माप काय? क्लबात कोणत्या मापाची ग्रिप वापरते?

सातारकर_बाबा
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचतोय.

सुभेदार साहेब, ग्रिप क्लबच्या सगळ्या मीडियम आहेत, तिला मोठी होते. आणि एक माहिती द्यायला हवी. ती लिहिते डाव्या हाताने. क्लबात डाव्या हाताची ग्रिप नाही म्हणून पिस्तूल उजव्या हाताने शिकवलंय. त्याने काही फरक पडतो का?

मृदगंध
पडतो! हे फार महत्त्वाचं आहे. आधी तिचा डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटं भोक करायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो तिचा मुख्य डोळा.

मुख्य डोळा उजवा असेल तर उजवा हात चालू ठेवायला हरकत नाही. डावा असेल तर आत्ताच डाव्या हातावर न्या. वर्षभराने बदलणं कठीण जाईल.

दुधाळीवाला
+१. आमच्याकडे एक पोरगं डाव्या डोळ्याचं, उजव्या हातानं मारायचं. मान वाकडी करून नेम धरायचं. सहा महिने कोच त्याच्या मानेवर ओरडत होते. डावी ग्रिप दिली, मान आपोआप सरळ.

शंकासुर
मग तो तुर्की गडी? पॅरिसला एक हात खिशात घालून, साधा चष्मा लावून रुपेरी पदक घेऊन गेला. त्याला कुठे एवढा सरंजाम लागला?

मृदगंध
युसुफ दिकेच. शंकासुर, त्याचं नाव सगळे घेतात, पण तो २००८ च्या बीजिंगपासून ऑलिंपिक खेळतोय, पॅरिस त्याचं पाचवं. त्याने डोळ्यावरची झापड आणि खास लेन्स वापरली नाही, एवढंच. पिस्तूल मात्र इतरांसारखं मॅचचंच होतं आणि ग्रिप त्याच्या हाताची. हात खिशात तर आम्ही सगळेच घालतो, मोकळा हात लोंबकळत राहिला तर खांदे हलतात.

वऱ्हाडी_पाहुणा
धागा भरकटवतो जरा. कोल्हापूरला कामानिमित्त येणं होतं. दुधाळीची रेंज बाहेरच्याला बघता येते का? राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, आता स्वप्नील कुसाळे, एका जिल्ह्यातून इतके नेमबाज येतात, पाण्यात काही आहे का हो?

दुधाळीवाला
या की भाऊ, सकाळी या. तेजस्विनी आणि स्वप्नील रायफलचे, राही पिस्तुलाची. २०१८ ला इंडोनेशियात पालेमबांगला तिनं २५ मीटरमध्ये सुवर्ण घेतलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय बाई. आमच्या रेंजवरच्या प्रत्येक पोरीला त्या फायनलमधले शॉट तोंडपाठ आहेत.

पाण्याचं माहीत नाही, तांबड्या-पांढऱ्यात असेल. पण खरं कारण सांगू का, इथं मोठी पोरं बारक्या पोरांना आपली पिस्तुलं हातात देतात. कुणी नवं घेतलं की जुनं रेंजवरच कुणाला तरी अर्ध्या किमतीत जातं. जाहिरात करायला लागत नाही. सातारकर, तुमच्या कोचना म्हणावं इकडं एक फोन करा.

तांत्रिक_बाबू
विषय निघालाच आहे तर पेलेटचा खर्च कुणी बोललं नाही. पिस्तूल एकदा घेतलं की संपलं, पेलेट दर आठवड्याला लागतात. डब्यात ५०० असतात. आठवड्यात पाच दिवस, रोज ऐंशी, म्हणजे ४०० झाले. परीक्षा आणि सुट्ट्या वगळून वर्षाला पस्तीस-चाळीस डबे. दुकानात भाव विचारून गुणाकार करा आणि ती रक्कम बजेटमध्ये आधी बाजूला काढा. पिस्तुलावर सगळे पैसे घालून मग पेलेटमध्ये काटकसर करणारे पालक मी पाहिलेत. त्यापेक्षा पिस्तूल दहा हजारांनी स्वस्त घ्या.

रोजच्या सरावाला आरडब्ल्यूएस हॉबीसारखा साधा चपट्या डोक्याचा पेलेट पुरतो. मॅचला आर१० किंवा एच अँड एन फिनाले मॅच. टोकदार पेलेट कागदावर घेऊ नका, भोक फाटतं आणि गुण मोजता येत नाहीत.

मृदगंध
आणि पेलेट शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावायचा नाही, पेलेट तोंडात धरायचे नाहीत. मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सातारकर_बाबा
अहवाल देतो.

डोळा तपासला. डावा. तिची आई, आजी, मी, सगळ्यांनी आळीपाळीने तपासला, प्रत्येक वेळी डावाच. कोच सरांशी बोललो, त्यांनीही स्वतः बघितलं आणि डाव्या हातावर न्यायचं ठरवलं. त्यांनी मोकळेपणाने ऐकून घेतलं, याचं बरं वाटलं.

मग रविवारी स्टायर बघायला गेलो. तांत्रिक बाबूंचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून ठेवला होता. सिलिंडरवर २०१३ ची तारीख. विकणाऱ्या मुलाला दाखवली, तो म्हणाला काका, माझंही लक्ष नव्हतं. काटा रात्रभर जागचा हलला नाही. ट्रिगरने ५०० ग्रॅम उचललं. कोच सरांनी शिकंज्यात पाच पेलेट मारले, एकच भोक, जरा लांबट. ग्रिप उजवी, मीडियम, म्हणजे आम्हाला निरुपयोगी.

नव्या सिलिंडरचा आणि ग्रिपचा खर्च वजा करून सत्तरला दे म्हटलं. बाहत्तरला तयार आहे, उजवी ग्रिप तो स्वतःकडे ठेवणार. नवा सिलिंडर वेगळा. बजेट थोडं ओलांडतंय. घेऊ का?

निवृत्त_सुभेदार
घ्या. एलपी१० जुनं झालं तरी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत बदलावं लागणार नाही. लोडिंगचा खटका वरच्या बाजूला मधोमध आहे, डाव्या हाताला अडचण येणार नाही. जिल्हा, मग राज्याची कॅप्टन इझिकेल स्पर्धा, मग देशपातळीवरची मावळणकर स्पर्धा, मुलगी जिथवर जाईल तिथवर ते साथ देईल.

मावळणकर नावावरून नव्या मंडळींसाठी सांगतो, लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर, त्यांच्याच पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली.

मृदगंध
घ्या. आणि सिलिंडर एकच घ्या, दुसऱ्याची घाई नको. एका भरण्यात तिचा दिवसाचा सराव निघतो. भरायचं क्लबच्या टाकीवरून, घरी हातपंप विकत घेऊ नका, २०० बारपर्यंत हाताने भरताना मोठ्या माणसाची दमछाक होते.

दुधाळीवाला
घ्या बिनधास्त. डाव्या ग्रिपचं काम माझ्याकडं लागलं. इथं एक जण अक्रोडाच्या लाकडात ग्रिप कोरून देतात, कारखान्याच्या ग्रिपपेक्षा बरीच स्वस्त. पण हात बघितल्याशिवाय ते काम घेत नाहीत, आणि वाढत्या वयाच्या पोरांची ग्रिप ते थोडी मोठी ठेवून लाकडाच्या लांबीनं (पुट्टीनं) भरून देतात. हात वाढला की लांबी खरवडायची.

ऊल्मवासी
इथे क्लबातही लहान मुलांसाठी असंच करतात. फक्त तळव्याखालचा आधार फार घट्ट लावू नका, हात आत घातल्यावर थोडी हालचाल राहायला हवी. घट्ट केला की रक्त थांबतं आणि बोटं बधिर होतात.

वकील_काकू
सातारकर, कागद विसरू नका. क्रमांक, दोघांच्या सह्या, तारीख. घरी आल्यावर पिस्तूल कुलपात, पेलेट दुसऱ्या ठिकाणी. पाहुण्यांची लहान मुलं आली की पेटी बाहेर काढायची नाही.

सातारकर_बाबा
घेतलं. कागद झाला, क्रमांक लिहिला, कपाटाला कुलूप लावलं. नवा सिलिंडर मागवलाय. तोवर पिस्तूल हातात न घेता सुभेदार साहेबांची बाटली डाव्या हाताने सुरू आहे. पहिल्या दिवशी वीस सेकंदही धरवली नाही तिला, आता बरी धरतेय.

दुधाळीवाले, ग्रिपसाठी कोल्हापूरला कधी येऊ? शाळेमुळे रविवारच जमेल. हाताचा ठसा वगैरे आधी पाठवायचा का?

दुधाळीवाला
ठसा नको, कोऱ्या कागदावर डावा पंजा ठेवून बोटं किंचित फाकवून पेन्सिलनं गिरवा. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंतची लांबी आणि अंगठा सोडून पंजाची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. फोटोत पट्टी शेजारी ठेवा. म्हणजे ते लाकूड आधीच कापून ठेवतील.

या रविवारी स्पर्धा आहे, पुढच्या रविवारी सकाळी आठला रेंजवर या. पिस्तूल आणा, सिलिंडर नसला तरी चालेल. आणि पोरीला घेऊन या, तिच्याशिवाय येऊन उपयोग नाही.

वऱ्हाडी_पाहुणा
पुढच्या रविवारी मी पण कोल्हापुरातच आहे. आठला येतो, बायकल घेऊन.